डोकं आणि शेपूट

गल्लीत त्याला सगळे पाणमांजर म्हणतात. आठवडाभर तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि रविवारी चाप ओढला की सुटणारा भाला घेऊन तळ्यात उतरतो. तळी तरी कसली? पाणगवतानं बुजलेली, गढूळ, दोन हातांपलीकडे काही दिसू नये अशी. स्वच्छ पाण्यात कुणीही मासा मारील, असं तो म्हणतो, आणि म्हणताना त्याची मान जरा जास्तच ताठ होते.

त्याची पद्धत ठरलेली. छातीभर श्वास घ्यायचा, तळाशी जाऊन गवतात आडवं पडायचं आणि पाय हलवायचे नाहीत. गाळ उठला की संपलं. मासे भलते चौकस, हा कोण आलाय म्हणून आपणहून बघायला येतात. पण डोकं आणि शेपूट दोन्ही दिसल्याशिवाय भाला सोडायचा नाही. शिवाय पाण्यात एका वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं काठावर दोरी धरून बसायचं. वीस वर्षं हे काम मेहुण्याकडे आहे आणि बहुतेक वेळ तो डुलक्या घेतो.

पाणमांजराची मुलगी नर्स. तिनं परवा फर्मान काढलं, "बाबा, मोतीबिंदू वाढलाय. भाला आता माळ्यावर."

"रविवारी येऊन बघ," तो म्हणाला. "तीन बुड्या मारीन. रिकाम्या हातानं वर आलो तर तुझं खरं."

रविवारी दोन बुड्या फुकट गेल्या. मुलीनं नुसता टॉवेल पुढे केला, तेच त्याला जास्त लागलं. तिसऱ्यांदा तो तळाशी जाऊन पडला. दम संपत आला तेवढ्यात समोरचं गवत हललं. काहीतरी पांढुरकं, रुंद, सावकाश डावीउजवीकडे होणारं. एवढी मोठी शेपूट त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पुढचा भाग गवतात होता. बोट चापावर होतं, हात स्थिर होता. डोकं काही दिसेना. त्याला रडू आलं, पाण्यात ते कुणाला कळणार? बोट काढून तो वर आला.

"दिसलं नाही ना, बाबा?" मुलीनं हळूच विचारलं. दोरी तिच्याच हातात होती.

"अर्धं दिसलं, म्हणून सोडलं. घे भाला. शब्द म्हणजे शब्द."

तेवढ्यात गवतातून मेहुण्याचं डोकं वर आलं. धापा टाकत तो ओरडला, "काय हे भावोजी! तुमची इज्जत वाचावी म्हणून मागच्या बाजूनं गुपचूप उतरलो, चांगला मासा तुमच्या तोंडावर हाकलायला तुमच्या पुढून गवतात शिरलो, आणि तुम्ही आपले निघालात वर!"

मेहुणा काठावर चढला तेव्हा पाणमांजरानं त्याच्या पायांच्या पांढुरक्या तळव्यांकडे पाहिलं. शेपूट ती हीच. मग मेहुण्याला त्यानं अशा शिव्या घातल्या की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. शिव्या संपल्यावर त्याला छातीशी धरून ठेवलं, तेही बराच वेळ.

मुलगी पांढरीफटक पडली होती. तिनं भाला उचलला.

"हरलात, बाबा. आता भाला माझ्याकडे राहील. आधी डोळ्याचं ऑपरेशन करायचं. मग दर रविवारी माझ्याकडून न्यायचा."

"आणि मी?" मेहुणा म्हणाला.

"मामा, तू घरी. दोरी मी धरणार."