म्हातारीला कळू द्यायचं नाही म्हणे

आपल्या भटकंती मंडळाच्या फळ्यावर मी सहसा लिहीत नाही. आज दुपारच्या बैठकीतून मी मध्येच उठून का गेलो, ते मात्र सगळ्यांना कळायला हवं.

महाबळेश्वर ते वासोटा, चार दिवसांची पायपीट, रोजचा मुक्काम धनगरांच्या झोपडीत. ही वाट माझ्या दादाने आखली होती. तो वारल्याला दीड महिना झाला. आज मुक्काम पक्के करताना बाबू म्हणाला, "तिसऱ्या मुक्कामाच्या म्हातारीला दादाचं कळू द्यायचं न्हाई."

"का रं?" मी विचारलं.

"ती त्याला पोरगा मानायची. कळलं तर त्या दिवशी चूल पेटवायची न्हाई. मग आपण खायचं काय, गड्या? घरी आल्यावर पत्र टाकू की."

बाकीचे लगेच खर्चाच्या हिशेबाला लागले. नको असं एकही जण म्हणाला नाही.

ती पहिल्यांदा दादाचीच खुशाली विचारणार. बरा हाय म्हणून सांगून तिची भाकरी मोडणार होता का तुम्ही?

उद्या पहिल्या एसटीने मी एकटाच निघतोय, तिला सांगायला. ज्याला सोबत यायचं असेल, त्याने आपलं खाणं घरून बांधून आणावं.