कासवं खलास

विभावरीने संजीवला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या नाशिकच्या घरासमोर इतका लवकर येऊन उभा होता, की कार्यक्रमाचे पोहे अजून भाताच्या रूपात शेतात डुलत होते. वडिलांच्या एका गालाला साबण होता, आईचे केस पंच्यात होते आणि शेजारचा कोंबडा आपल्याला उशीर झाला की काय म्हणून घाबरून आरवत सुटला होता. पाहुणे यायचे होते संध्याकाळी. संजीव आला सकाळी, कारण "मध्येच दुसरं स्थळ शिरलं तर काय घ्या." वडील उरलेला गाल पुसून घेत आत म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण आगाऊ आहे." आगाऊ म्हणजे आधीच पैसे भरून ठेवणारा की नको तिथे पुढे पुढे करणारा, हे त्यांनी सांगितलं नाही. लग्नानंतर विभावरीला कळलं, की दोन्ही.

पुढे गॅस कंपनीच्या नियोजन विभागात नोकरी लागून तो तिला घेऊन दोह्याला आला. कुठला बोल्ट कधी आवळायचा हे ठरवायचा त्याला पगार मिळत असे, आणि घरी तेच काम तो फुकट करी. दिवाळीची विमानाची तिकिटं होळीला. हापूसची पेटी मोहोर धरण्याआधी. दाताच्या डॉक्टरची वेळ तो दात दुखायच्या आत घेऊन ठेवी, आणि मग वेळ फुकट जाऊ नये म्हणून दात दुखायची वाट बघे. तिसेक वर्षांच्या संसारात विभावरीला साधं सिनेमाचं तिकीटसुद्धा कधी स्वतः काढावं लागलं नव्हतं. किंवा काढायला मिळालं नव्हतं.

लेक रुचा टोरांटोला नोकरीला गेली आणि अल मुंतझामधला त्यांचा फ्लॅट एकदम शांत झाला, तेव्हा विभावरीने पन्नाशीनंतर पोहायला शिकायचं ठरवलं. तिथल्या तलावावर बायकांच्या वेळात हैदराबादची हजरा शिकवायची. पहिले काही आठवडे विभावरीने तलावाची भिंत अशी धरून ठेवली, जणू आपण सोडली तर ती पडेल. हजरा म्हणायची, "मॅडम, पानी आपको खाएगा नहीं. छोड़ो दीवार को." एके दिवशी विभावरीने सोडली. त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं.

मग तिने फोनवर ते पाहिलं: बार्बाडोसच्या निळ्या पाण्यात माणसांच्या शेजारून पोहत जाणारी कासवं. तिला बोटीवरचं अष्टौप्रहर जेवण नको होतं, नाचगाणी नको होती. तिला त्या कासवांच्या शेजारी पोहायचं होतं, बस्स.

संजीवने कॅरिबियनची क्रूझ लगेच घेतली, इतकी आधी, की बंदरावरच्या सहली अजून विक्रीला आल्याच नव्हत्या. त्या आल्या त्याच आठवड्यात नेमके पोपटराव चहाला आले. हे वरच्या मजल्यावरचे, मूळचे लातूरचे, एकदा सिंगापूरहून बोटीने फिरून आलेले आणि तेव्हापासून सगळ्या समुद्रांवर हक्क सांगणारे.

"वहिनी, सहली आधी घेतेत का कुणी? बोटीवर चढल्यावर भाव पडतेत. न्हाई तर सरळ बंदरावर उतरा. तिथला माणूस हाताला धरून नेतंय."

"आणि जागा भरल्या तर?" विभावरी म्हणाली. "कासवं थांबणार आहेत का?"

"कासवं कुठं पळून जायलीत? त्यांची चाल म्हाईत हाय की."

संजीव म्हणाला, "बाहेरच्या माणसाबरोबर गेलो आणि उशीर झाला, तर बोट आपल्याला टाकून निघून जाते. बोटीची स्वतःची सहल असली तर थांबते."

"मग बोटीवर जाऊन घ्या. पण आधी घेतलं तर गाढव ठरताल, सांगून ठेवतो."

संजीवला आजवर खूप जणांनी आगाऊ म्हटलं होतं, गाढव कुणी म्हटलं नव्हतं. ते लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबला. रोज सकाळी भाव बघायचा आणि लॅपटॉप मिटायचा.

"अहो, जागा किती उरल्यात?"

"आहेत थोड्या. मिळेल, इन्शाल्ला."

संजीवच्या तोंडून इन्शाल्ला आला, की काम त्याच्या हातून सुटून देवाच्या हाती गेलं, हे विभावरी ओळखायची.

एका दुपारी तिला राहवलं नाही. तिने त्याला साइटवर फोन लावला. मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"अहो, कासवांचं काय झालं?"

"खलास," संजीव म्हणाला आणि फोन कट झाला.

विभावरी सोफ्यावर बसली. एवढं पाणी नाकातोंडात घेतलं ते कशासाठी, असं तिला वाटलं. तिने रुचाला फोन केला. रुचाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. तिने आईचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो बुक इट युअरसेल्फ, आई."

हे विभावरीला सुचलंच नव्हतं. तिने बार्बाडोसचा एक छोट्या नावेचा कप्तान शोधला, आपल्याला पोहता येतं हे त्याला दोनदा कळवलं, कार्डाचा नंबर चष्मा लावून टाकला आणि एक जागा घेतली. एकच, कारण संजीवला पोहता येत नव्हतं. मग ती आरशासमोर जाऊन उगाच उभी राहिली.

संध्याकाळी संजीव आला तो मुलीचं लग्न ठरल्यासारखा चेहरा करून. "दोन जागा. बोटीची अधिकृत सहल. पोपटराव गेले खड्ड्यात."

"तुम्हीच म्हणालात ना, खलास?"

"हो. खलास. काम झालं."

"खलास म्हणजे संपलं."

"अगं, इथे इतकी वर्षं राहून तुला खलास कळेना? सगळे अरब काम झालं की खलास म्हणतात."

"मी काय अरबाशी लग्न केलंय? आमच्याकडे खलास म्हणजे फोटोला हार घाला."

कुणाची जागा रद्द करायची यावर जेवण थंड झालं. "तुझा कप्तान कोण, कुठला. उशीर झाला तर? माझ्या सहलीसाठी बोट थांबेल."

"मग तुम्ही या उशिरा," विभावरी म्हणाली. "मी वेळेवर येईन."

आणि तसंच झालं. बार्बाडोसला नवराबायको बंदरावर उतरून दोन दिशांना गेले. विभावरीच्या नावेत मोजकी माणसं होती. कप्तानाने हाताने खूण केली आणि ती पाण्यात उतरली. खालून परातीएवढं कासव वर आलं. जुन्या भाडेकरूने नव्या भाडेकरूकडे पाहावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शेजारून पोहू लागलं. तीही पोहू लागली. दुसरं आलं, तिसरं आलं. भिंत कुठेच नव्हती आणि तिला तिची आठवणही झाली नाही.

एवढ्यात संजीवच्या सहलीची मोठी बोट आली. नारिंगी जॅकेटं घातलेली माणसं दोराला धरून पाण्यात बुचकळत होती. संजीव कठड्यापाशी उभा होता. त्याने पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याला सांगितलं, "दॅट इज माय वाइफ." मग ते सगळ्या बोटीला सांगितलं. मग मराठीत ओरडला, "विभा, पाय मार, पाय." पाय ती केव्हाची मारतच होती. बोटीने टाळ्या वाजवल्या. विभावरी कठड्याखाली आली, डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि म्हणाली, "अहो, टोपी घाला. ऊन लागेल."

संध्याकाळी ती वेळेआधी बोटीवर चढून वरच्या डेकवर उभी होती. संजीवच्या सहलीची बस बंदराकडे येताना कुठेतरी अडकली होती. बोट थांबली, ती त्याच्यासाठी. धापा टाकत येणाऱ्या घोळक्यात तो दिसल्यावर विभावरीने वरून राणीसारखा हात हलवला.

पुढच्या वर्षी संजीवचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं नाशिकला परत आली. त्यांच्या सोसायटीतला पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे. शिकणाऱ्यांच्या यादीत संजीवने पहिलं नाव आधीच घालून ठेवलंय, स्वतःचं.