वेरावळचा पास

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर जमिनीच्या वादाला. मी ट्रॉलरच्या मागे लागलो. बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणीही भेटलं की विचारायचं, "सर, सापडली का तुमची बोट?" आणि मी चिडायचो. एक बोट नव्हे, अनेक. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ताब्यात घेतलेले वाफेवरचे मासेमारी ट्रॉलर. त्यांची जाळी उतरवली, पुढच्या अंगाला तोफ बसवली आणि त्यांना आरमारात घातलं. काम समुद्रातले सुरुंग काढायचं. दोन ट्रॉलर बरोबरीनं चालायचे आणि मधला तारेचा दोर पाण्यातून ओढत न्यायचे. दोरानं सुरुंगाची साखळी कापली की सुरुंग वर यायचा, मग तो लांबूनच बंदुकीनं फोडायचा. जन्मभर जाळं ओढणाऱ्याला हे काम नवं नव्हतं, म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे कोळी खलाशी म्हणून गेले. मी तीस वर्षं शाळेत हे युद्ध शिकवलं आणि यातलं अक्षरही मला ठाऊक नव्हतं. त्याची लाज वाटली, म्हणून हा उद्योग.

माझी एक जुनी विद्यार्थिनी दिघीला दिलेली आहे. तिचा फोन आला, "सर, आमच्या सासूबाई तुम्हाला बोलावतायत." गेलो. ऐंशी ओलांडलेली म्हातारी ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती.

"मास्तर, माझा बापूस त्या बोटीवर गेला व्हता," ती म्हणाली. "गावातून एकलाच. परत आला न्हाय. लोक म्हनाले, सुरुंगावर बोट फुटली. सरकारचा कागद काय आला न्हाय. कागद न्हाय तर मरान न्हाय, असं आय म्हनायची. मरंपरेंत कुंकू लावलान तिनं. बाया तोंडावर बोलायच्या, मेल्याचं कुंकू लावते म्हनून."

मी वहीत लिहून घेत होतो.

"आय व्हती तवर बापसाचं पान मांडू दिलान न्हाय. आय गेली, मंग मी पितरांच्या पंधरवड्यात मांडाय लागले, सर्वपित्रीला. ज्यांची तिथी कुनाला ठाव न्हाय त्यांच्यात. मला त्याची तिथी पायजे. तू कागद बघतोस ना? तो कंच्या दिवशी गेला तेवढं सांग."

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून पितृपक्ष गेला. पान, कावळा, तिथी यांवर माझा काडीचा विश्वास नाही आणि एरवी मी ते तोंडावर सांगतो. तिला सांगवलं नाही. तारीख शोधणं तर माझंच काम होतं. नावाशिवाय खूण म्हणून तिनं एवढंच सांगितलं, की त्याच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं, दोरात सापडून तुटलं होतं. "उचलून घ्यायचा तवा ते बोथट बोट बगलेत लागायचं," असं म्हणून ती हसली.

चार वेळा मुंबईला गेलो. जुन्या कागदांच्या कचेरीत माझ्या वयाला मान देऊन खुर्ची देत, पण गठ्ठा द्यायला दुपार करत. त्या ट्रॉलरांच्या नोंदी इंग्रजीत, वाळवीनं खाल्लेल्या, वार लागला तर महिना नाही अशा. सुरुंग फुटल्यावर मेलेले मासे खलाशांनी गोळा केले आणि साहेब रागावला, हेही एका पानावर होतं. ट्रॉलर बुडाल्याची नोंद मात्र कुठेच मिळेना.

मिळणार कशी? म्हातारीच्या बापाचा ट्रॉलर बुडालाच नव्हता. चौथ्या खेपेला शेवटच्या गठ्ठ्यात एका ट्रॉलरच्या खलाशांना मोकळं केल्याचा तक्ता सापडला. युद्ध संपलं होतं, ट्रॉलर धडधाकट मालकाला परत गेला होता. तक्त्यात प्रत्येकाचं नाव, डावा अंगठा, आणि घरी जायचा फुकट पास कुठला दिला ते. तिच्या बापाच्या नावाची माणसं आमच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी. पण या नावापुढचा ठसा अर्धाच होता, वरून सपाट. पासच्या रकान्यात बाकी सगळ्यांची आपापली गावं होती. त्याच्यापुढे पार गुजरातमधलं वेरावळ.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, बाहेर येऊन मी दोन वडापाव खाल्ले आणि चहावाल्याला सांगितलं की आज मोठं काम झालं. परतताना आगरदांड्याला फेरीबोटीत बसलो, समोर दिघीची घरं दिसायला लागली, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की मी काय घेऊन चाललोय. कुठलीही तारीख ठोकून देता आली असती. पण सनावळी चुकली म्हणून पोरांना अंगठे धरायला लावणारा मी. मला खरं सांगायची खोड आहे, आणि तिला मी तत्त्व म्हणत आलोय.

सगळं सांगितलं. सून दारात उभी होती. म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "म्हनजे माझ्या आयचं कुंकू खोटं नव्हतं!" सुनेला म्हणाली, "जा, शेजारी सांगून ये. त्यांच्या आजीनंच लय छळलंन तिला." तिचा चेहरा इतका खुलला की मी सुटलो असं मला वाटलं. चहा आला. तिनं तो बशीत ओतला, पण प्यायली नाही.

"कुठला म्हनलास पास?"

"वेरावळचा."

"तिकडं आमचं कोन न्हाय."

मी माझा चहा संपवला.

"दिघीचा पास पन फुकटच दिला असता ना?"

"हो."

सून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी विचारत होती, सर, कशाला सांगितलंत? मला उठून जावंसं वाटलं. तिथीचा विषय म्हातारीनं पुन्हा काढलाच नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत राहिली, आणि मग अगदी हळू, समजूत घालावी तशी, मला म्हणाली,

"मी पाचच वर्सांची व्हती, मास्तर. लय खात नव्हती मी."