खुंटीवरचा जोड

गाडीतला इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा काही केल्या विझेना, तेव्हा मी त्याच्यावर बायकोची एक मोठी टिकली चिकटवली. दिवा दिसेनासा झाला आणि माझ्यापुरती गाडी दुरुस्त झाली. पुढे एकदा बायको शेजारी बसली. तिनं टिकली ओळखली, नखानं अलगद काढली, खालच्या दिव्याकडे पाहिलं आणि ती परत कपाळाला लावता येईल का याचा अंदाज घेत म्हणाली, "काकांकडे न्या."

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे शाळासोबती. श्रीरामपुरात गाड्यांचं वायरिंग करतात. या जगात माणसं खोटं बोलतात, मीटर खोटं बोलतात, कॉम्प्युटर तर शिकूनसवरून खोटं बोलतो. खरं बोलतो तो फक्त आपला बल्ब, अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे. हा बल्ब एका जुन्या ट्रकच्या हेडलाइटमधला. त्याला दोन लांब वायरी डाखलेल्या. डॉक्टर गळ्यात नळी अडकवतात तसा तो काकांच्या गळ्यात असतो. रविवारी चर्चमध्येही तो गळ्यात घालून गेले होते म्हणतात, पण काकू म्हणतात, खिशात होता.

मी आधीच त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण मला शहरातल्या चकचकीत गॅरेजची हौस. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं गाडीला कॉम्प्युटर जोडून ऑक्सिजन सेन्सर गेल्याचं सांगितलं. धुराची चव घेऊन इंजिनाकडे चुगल्या करणारे असे दोन सेन्सर गाडीत असतात, हे ज्ञान मला त्या वेळी झालं. त्यांनी मागचा बदलला, मग पुढचा, मग पुन्हा मागचा. दर वेळी दिवा आठवडाभर माहेरी गेल्यासारखा जायचा आणि परत यायचा. शेवटी कंटाळून मी, नव्या गाडीच्या बदल्यात ही सोमवारी देऊन टाकायची, असं ठरवून आलो. गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर सासूबाईंनी किल्ली बायकोच्या हातात ठेवली होती. सोमवारचं ऐकून बायकोनं ती किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली, आणि आमच्या घरात हे लक्षण बरं नसतं.

शनिवारी सकाळी आम्ही काकांच्या दारात. काका लगेच बॉनेट उघडत नाहीत. आधी पेशंटचा इतिहास. "पैल्यांदा दिवा कवा लागला? पावसात का उन्हात? मागच्या शीटवर कोन बसलं हुतं?" मी म्हटलं, "काका, याचा सेन्सरशी काय संबंध?" ते बायकोकडे वळून म्हणाले, "पोरी, जावईबापूला च्या पाज. लई शिकल्यात."

दुकानात एक मोठा खिळा ठोकलेला आहे. त्याला ते पापाची खुंटी म्हणतात. दुसऱ्यांनी केलेले, काकांनी कापून काढलेले वायरींचे वाईट जोड या खुंटीवर टांगलेले असतात. आल्यागेल्याला त्यांची ओळख करून देणं हा काकांचा आवडता छंद. "ह्यो राहुरीचा. जोड हाय का शेंडी? ह्यो नेवाशाचा, त्यानं तर साध्या दोऱ्यानं बांधलाय. आन ह्यो इंजिनेर मानसाचा, नाव घेत न्हाई." त्यांचा स्वतःचा जोड म्हणजे मोजून सात पीळ आणि टोक आत वळवलेलं. गेल्या चाळीस वर्षांत तो कधी सुटला नाही, असं ते स्वतःच सांगतात.

काम करताना ते चर्चमधलं भजन गुणगुणतात. बिघाड जवळ आला की आवाज चढतो. सेन्सरची वायर त्यांनी सोडवली, तेव्हा मी घरून आणलेला मीटर लावून मोठ्या ऐटीत म्हटलं, "बारा व्होल्ट. वायर ठीक आहे." काकांनी त्याच जागी बल्ब लावला. बल्ब आजाऱ्यासारखा मिणमिणला. "मीटर नुसतं इचारतो, जावईबापू. बल्ब काम करून दाखव म्हनतो. सेन्सरच्या आत बारकी शेगडी असती. ती तापल्याबिगर त्याला चवच कळत न्हाई. हितं शेगडीला करंटच अर्धा पोचतोय. नवा सेन्सर घाला न्हाईतर सोन्याचा घाला."

मग ते बल्ब टेकवत टेकवत वायरीच्या मागे निघाले. इंजिनापासून पुढच्या सीटखाली, तिथून मागे. भजन चढत गेलं. मागच्या सीटखालचं कारपेट उचललं आणि भजन एकदम थांबलं.

काळी, सुकलेली चिकटपट्टी. आत हिरवा गंज धरलेला जोड. त्यातून निघालेली एक जादा वायर मध्येच तुटलेली. काकांनी एका चष्म्यावर दुसरा चढवला. मग मला म्हणाले, "जरा पानी आना."

मी पाणी घेऊन आलो, तर ते जोड तळहातावर घेऊन तसेच बसलेले. त्यांच्या जागी मी असतो, तर तेवढ्यात तो गटारात गेला असता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "मोजा." मी मोजले. सात पीळ, टोक आत वळवलेलं.

"माझाच," काका म्हणाले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बीएडच्या परीक्षा हुत्या बग. कोल्हारहून पहाटं अंधारात निघायचा तुमी. तुझा बाप आदल्या दिवशी आला. म्हनला, पोरीला मागं वाचायला दिवा पायजे, आत्ताच्या आत्ता पायजे. मी घाईत जवळची वायर धरली आन जोड मारला. चुकलंच. दिवा लागला तसा येडा झाला त्यो. म्हनायचा, आता गाडी चाळीसच्या वर नेता येत न्हाई, मागून हुकूम येतो — आप्पा, जरा हळू, एवढं पान होऊ द्या."

बायको मागच्या दाराला धरून उभी होती. लग्नानंतरच्या त्या परीक्षांना ती कोल्हारला माहेरी राहिली होती, कारण तिला नेण्यासाठी मला रजा मिळाली नव्हती. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती.

काकांनी सेन्सरला अखंड नवी वायर टाकली. मी विचारलं, "आणि तो दिवा?" उत्तरादाखल ते दिव्याला वेगळा फ्यूज, वेगळी वायर देऊन मोकळे झाले. पिवळा दिवा विझला. त्यांनी गाडी बेलापूरपर्यंत फिरवून आणली, तरी विझलेलाच. मग उतरून त्यांनी तो गंजका जोड पापाच्या खुंटीवर, राहुरीच्याही पुढे, अडकवला. "ह्यो श्रीरामपूरचा," ते म्हणाले. पण बल्ब गळ्यातून काढून त्यांनी खिशात घातला.

सोमवारचा बेत मी तिथूनच फोन करून मोडला. निघताना शेजारचं दार उघडून धरलं, तर बायको मागे जाऊन बसली. कोल्हारच्या अलीकडे मी आरशात पाहिलं. लख्ख दुपार, आणि मागे तो इवलासा दिवा लावलेला. मांडीवर पर्स होती फक्त. रस्ता मोकळा होता, मी सवयीनं वेग वाढवला.

"अहो, जरा हळू," ती म्हणाली, "एवढं पान होऊ द्या."