सुभेदारांचा ऊस

खुर्चीत बसण्याआधी ते टाचा जुळवून उभे राहत आणि विचारत, "हुकूम?" मी साताऱ्यात नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. माझा कंपाउंडरसुद्धा माझं ऐकत नसे, पेशंट तर नाहीच. त्यामुळे हे निवृत्त सुभेदार मला पहिल्याच दिवशी का आवडले, हे तुमच्या लक्षात येईल.

ते फलटणकडचे. घरचा ऊस आणि तो दातांनी सोलून खायची भारी हौस. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका दातवाल्यानं त्यांच्या दाढेत नस मारायचं औषध भरलं होतं. ते थोड्या दिवसांत काढावं लागतं, नाहीतर बाहेर झिरपून जबड्याचं हाडच मारतं. "मी सांगेपर्यंत हात लावू नका," असं बजावून तो दातवाला जो गेला, तो पुन्हा बाजारात फिरकलाच नाही. सुभेदार त्याची वाट बघत राहिले.

"अहो, एवढी सूज आली तरी थांबलात?"

"हुकूम उठला न्हवता, डाक्टर."

हिरडीतून काळपट हाड दिसत होतं, पू येत होता. दाढ काढली. मेलेलं हाड मात्र ओढून काढायचं नाही असं मी ठरवलं. जखम धुवायची, गोळ्या द्यायच्या आणि ते आपोआप सुटं व्हायची वाट पाहायची. वाट पाहणं मला मुळीच जमत नाही. दर खेपेला मी चिमट्यानं हाड हलवून बघे आणि घामाघूम होई. मग तेच मला धीर देत. "दमानं घ्या. त्ये कुटं पळून जातंय?"

शेवटी तुकडा निघाला. मी मोठ्या डॉक्टरचा आव आणून म्हणालो, "आता मी सांगेपर्यंत ऊस बंद."

"जी," एवढंच ते म्हणाले.

साताऱ्यात न चाललेला दवाखाना सांगलीत चालेल असं माझ्या सासऱ्यांना वाटलं, म्हणून मी सांगलीला आलो. एका सकाळी पत्ता शोधत सुभेदार दारात हजर, खांद्यावर उसाची मोळी. अख्खा हंगाम त्यांनी उसाला तोंड लावलं नव्हतं. हिरडी छान भरून आली होती.

"खा," मी म्हणालो.

त्यांनी पायरीवर बसून कांडं सोललं आणि पहिला तुकडा मला दिला. माझीच दाढ किडलेली, मी तो दुसऱ्या बाजूनं चावला.

मग दर हंगामात ते मोळी घेऊन येत. पुढे एका हंगामात मोळी घेऊन त्यांचा मुलगा एकटाच आला. सुभेदार गेले होते.

"साखर वाढली म्हणून आमी ऊस बंद केला, तर ऐकंनात. म्हणायचे, दाताच्या डाक्टरचा हुकूम हाय. त्येनी न्हाई म्हटलं तरच सोडीन. शेवटी चमच्यानं रस पाजला."

माझं इतकं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. मुलाला म्हणालो, "बस, चहा घेऊन जा."

"नगं, गाडी जाईल," म्हणत तो निघूनही गेला.