सुनंदाकाकीच्या गच्चीवरचं नेट

वरच्या वाडीत पस्तीस घरं. त्यातलं सगळ्यात उंचावरचं घर सुनंदा कराळेचं. नवरा दशरथ खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, घरी एक म्हैस आणि घराखाली भाताची खाचरं. वाडीत पहिली सिमेंटची गच्ची याच घराला झाली, आणि त्या गच्चीमुळेच हे सगळं सुनंदाच्या गळ्यात पडलं.

पंधराएक वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीची माणसं जीप घेऊन आली. गच्चीवर लोखंडी खांब उभा करून त्यांनी त्याला एक पांढरी चपटी पेटी बांधली. "हे वायमॅक्स," त्यांच्यातला साहेब म्हणाला. सुनंदा म्हणाली, "वायफाय व्हय?" साहेबाने मान हलवली. वायफाय घरापुरतं असतं ताई, हे एका टॉवरवरून अख्ख्या तालुक्याला पुरतं, असं त्याने समजावलं. पेटीवर ८०२.१६ असा आकडा छापलेला होता. पुढे कधीतरी भाचीच्या घरच्या वायफायच्या डबीवर सुनंदाला ८०२.११ दिसला, तेव्हा अकरापेक्षा सोळा मोठे म्हणून हे लांब जात असेल, असा तिने मनाशी हिशोब बसवला. हे आकडे नुसते नियमांच्या चोपड्यांचे अनुक्रम आहेत, त्यावरून लांबी ठरत नाही, हे तिला सांगायला कोणी थांबलं नाही. दीड वर्षात कंपनीच उठली. माणसं आली, पेटी काढून घेऊन गेली. खांब तेवढा राहिला आणि सुनंदा त्याला दोरी बांधून लुगडी वाळत घालू लागली.

नंतर आला दहिवलीचा झहीर. तालुक्यात घरोघरी इंटरनेट पुरवण्याचं त्याचं छोटंसं दुकान होतं. वाडीपर्यंत केबल यायची तर मधला कातळ फोडावा लागत होता आणि मोबाइलची रेंज डोंगराच्या आडोशाने मरत होती. झहीरने भिसेगावात एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर डिश लावली आणि तिच्या समोर, सहा किलोमीटरवर, सुनंदाच्या खांबाला दुसरी. तिथून खालच्या चार वस्त्यांकडे छोट्या पेट्या.

"हे वायमॅक्सच ना?" सुनंदाने विचारलं.

"नाही काकी, हे वायफायच्याच जातीचं आहे. पण लांब जाणारं."

म्हणजे साहेबाने सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलटं. सुनंदाने तो विषय सोडून दिला. झहीरने तिला एकच काम शिकवलं: पेटीवर लाल दिवा लागला की बटन बंद करायचं, दहा मोजायचे, परत चालू करायचं. सहा वर्षं तिने ते इमानाने केलं. रेशन दुकानात अंगठा उठला नाही, कोणाच्या पोराचा फॉर्म अडकला, की फोन सुनंदाला. नेटवाल्या काकी हेच तिचं नाव पडलं आणि तिलाही ते आवडायचं, जरी नेटवर स्वतः ती भाचीला व्हिडिओ कॉल करण्यापलीकडे काही करत नव्हती.

गेल्या मे महिन्यात वाडीखाली कोणा मुंबईकराचा बंगला उठायला लागला. तो आड येईल म्हणून झहीरने खांबाला वरून दहा फुटांचा पाइप जोडला आणि डिश टोकाला नेली. "आता मधे काही म्हणून काही येत नाही काकी. एकदम मोकळी नजर."

जूनभर सगळं ठीक चाललं. जुलैत लावणी सुरू झाली आणि नेट जायला लागलं.

ते जायचं तेही अजब वेळेला. सकाळी असायचं. दुपारी बाराच्या सुमाराला ऊन पडलं की जायचं आणि चारच्या पुढे परत यायचं. सुनंदा धावत जाई, बटन बंद करी, दहा मोजी. काही फरक पडत नसे. तिने वीस मोजून पाहिले. तिला सगळ्यात कोड्यात टाकलं ते एका गोष्टीने. दुपारी आभाळ भरून सर कोसळली की नेट यायचं, आणि सर थांबून ऊन पडलं की जायचं. पावसात नेट जातं हे पोरांनाही ठाऊक होतं. इथे पाऊस नेट घेऊन येत होता.

तिने फोन केला तर झहीर हसला. "काकी, उलटं सांगताय तुम्ही."

"मी दिसतंय ते सांगते रं."

झहीर आला तो नेमका भरपावसात. रेनकोट घालून त्याने लॅपटॉपवर सिग्नल पाहिला. चोख होता. चहा घेऊन तो गेला आणि तासाभरात ऊन पडून लाल दिवा लागला. डॉक्टरसमोर गेलं की दुखणं पळतं, तसं झालं.

मग सुनंदाने स्वतःवरच संशय घ्यायला सुरुवात केली. दुपारी ती मिक्सर लावायची. तो बंद केला. दोरीवरची लुगडी काढली. म्हैस दुपारी गोठ्यात येते म्हणून तिला दोन दिवस बाहेर बांधून पाहिलं. दशरथ म्हणाला, "म्हशीचा काय संबंध?" सुनंदा म्हणाली, "ते मला तरी कुठं ठावं हाय?"

आठवड्याने रेशन दुकानात पोती उतरवणारा जैतू भेटला. तो चांगला माणूस, त्याने हळूच विचारलं. "काकी, रागवू नका. तुमी दुपारी झोपताना बटन बंद करता का? लोक म्हणतात, लाइट बिल वाचवता."

"कोण म्हणतं?"

"सगळीच."

सुनंदा तडक घरी आली. पेटीसमोर बसली. आपण कधी झोपेत उठून बटन दाबत असू का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. इतकं तिला काही कळेनासं झालं होतं.

त्याच संध्याकाळी खालच्या वस्तीतून रुकय्या चढून आली. पंचविशीची असेल. मुंबईच्या एका दवाखान्यातले डॉक्टर बोलून ठेवत ते ऐकून टाइप करायचं काम ती घरून करायची आणि दुपारच्या पाळीत असायची. ती भांडायला आली नव्हती. ओट्यावर बसून म्हणाली, "काकी, अजून एक आठवडा असं झालं तर ते दुसरी माणसं बघणार आहेत. मला फक्त एवढं सांगा, कधी जातं आणि कधी येतं. मी पाळी बदलून मागते."

ठपका ठेवायच्या ऐवजी कोणीतरी माहिती विचारत होतं. सुनंदाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या दिवसापासून रोजच्या चौकोनात वेळा लिहायला लागली. पुढे ऊन, सर, वारा, जे असेल ते.

झहीर दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने कॅलेंडर पुढे धरलं. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा पडला. "पुण्याच्या इंजिनियरला फोनवर विचारलं. तो म्हणतो उंची कमी पडते." त्याने अजून पाच फूट पाइप चढवला. दुसऱ्या दिवसापासून नेट बाराऐवजी दहालाच जायला लागलं.

"उंच केलं तर बिघडलं," सुनंदा फोनवर म्हणाली.

"असं होत नाही काकी."

"मी तेच म्हणते. पण झालंय."

त्यानंतरच्या मंगळवारी झहीर भिसेगावच्या टाकीवर चढला आणि सुनंदाला गच्चीवर जायला सांगितलं. दुपारचा एक. वारा पडला होता. "खांबाच्या पाठीमागे उभ्या राहा आणि माझ्या दिशेला बघा. मधे काय दिसतं ते सगळं सांगा."

तिने सांगितलं. बंगल्याचं छप्पर, पण ते बरंच खाली. मग खाचरंच खाचरं, थेट नदीपर्यंत. लावणी झालेली, पण रोपं अजून बोटभर. त्यामुळे नुसतं पाणी. आणि पाण्यात सगळा डोंगर उलटा.

बोलता बोलता ती थांबली. "झहीरभाऊ, मला पाण्यात डोंगर उलटा दिसतो. तुमच्या या थाळीलाबी तुमची टाकी उलटी दिसत असंल का? एक वर आन् एक पाण्यात?"

 

"काकी," झहीर म्हणाला, "सर आली की पाण्यात डोंगर दिसतो?"

"सर आल्यावर कुठला दिसायला? पाणी फुटतं की."

तासाभरात तो वाडीत होता. त्याने काही समजावलं नाही, घाई घाईने पाइप उतरवला आणि डिश हातात धरून गच्चीभर फिरायला लागला. शेवटी सुनंदाच म्हणाली, "तुमाला टाकी दिसायला हवी आन् पाणी दिसायला नको, असंच ना?" तो मानेने हो म्हणाला. घर तिचं, तिला माहीत होतं. गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीवर डोळे नेले की गोठ्याचं छप्पर खाचरं झाकून टाकतं, त्याच्या वरून बंगल्याच्या बाजूने नजर सरळ भिसेगावला जाते. झहीर तिथे गुडघ्यावर बसला, बघितलं, आणि तिथेच कठड्याला डिश बांधली. पहिल्या खांबाच्या निम्म्या उंचीवरही नव्हती ती.

अडीच वाजले होते, कडक ऊन होतं. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि राहिला.

रुकय्याचा फोन आला, नेट आलं म्हणून. सुनंदाने तिला सांगितलं, उद्या बघ, परवा बघ, मग बोल. तिसऱ्या दिवशीही नेट होतं. रुकय्याने पाळी बदलून मागितली नाही. जैतू येऊन उगाच गोठ्याचं छप्पर बघून गेला, आणि बटनाबद्दल परत कोणी बोललं नाही. आपण बोललो होतो हेही कोणी कबूल केलं नाही.

झहीरने मग चहा पिताना तिला उलगडून सांगायचा प्रयत्न केला. एकच गोष्ट दोन माणसं कानात सांगतायत, एक सरळ येऊन आणि दुसरा पाण्यावरून वळसा घालून, अर्धा श्वास मागे. मग दोघांचे शब्द एकमेकांना खातात आणि काहीच ऐकू येत नाही. जुन्या उंचीवर दोघांचा मेळ बसत होता, पाइप चढवला आणि तो बिघडला.

सुनंदाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण सकाळीबी पाणी तितंच असतं. तवा का नाय खायचे?"

झहीरने कप खाली ठेवला. "सकाळी हवा गार असते, वळसा थोडा बदलत असेल. असेल म्हणतो. पुण्याचा म्हणतो धुकं. खरं सांगू का काकी, नक्की मला पण माहीत नाही."

"आन् भात वाढल्यावर?"

"मग पाण्याचा आरसा राहणार नाही. तेव्हा वर नेली तरी चालेल बहुतेक."

"नको," सुनंदा म्हणाली. "हाय तितं राहू दे."

तो गेल्यावर ती गच्चीवर गेली. वाल वाळत घातले होते ते उलथायचे होते. कोपऱ्यात गुडघ्यावर बसून तिने डिशच्या बाजूने पाहिलं, छप्पर, वर भिसेगाव. मग उभी राहिली आणि परत पाणी दिसलं, डोंगरासकट. वरून इतकं सगळं दिसतं आणि तरी तिथूनच नेट का लागत नाही, ते तिच्या डोक्यात काही केल्या बसेना. ती दोनदा बसली, दोनदा उठली. मग वाल उलथायला लागली.