रडण्यातलं बोलणं

साखराबाईचा माझ्यावर विश्वास आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. दिवाळी उरकली की ती मेंढरं घेऊन धारूरजवळच्या आमच्या रानात उतरते. मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांचं खत आम्हाला, बदल्यात ज्वारी तिला, हा तिच्या सासऱ्याच्या वेळेपासूनचा रिवाज. तरीही मी ज्वारी मापून घालताना ती पायलीच्या काठाकडे बघते, माझ्या तोंडाकडे बघत नाही. डॉक्टरनं मेंढरांना दिलेलं औषध आधी हुंगते. व्यापारी गोड बोलायला लागला की पदर खोचून उभी राहते. उघड्यावर पाल ठोकून राहणाऱ्या बाईला कुलूप नसतं, तेव्हा तिचा संशय मी कधी मनावर घेतला नाही.

नाथा तिचा धाकटा मुलगा. गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच मेंढरं कुणाच्या तरी पिकात शिरली म्हणून त्याला बांधावर काठ्यांनी मारलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मारणारे आमच्यासारखेच जमीनवाले होते, हे इथं सांगितलंच पाहिजे. त्यांच्यातल्याच एकानं ते मोबाईलमध्ये काढलं आणि ते गावोगाव फिरलं. आमच्या भावकीच्या ग्रुपवरसुद्धा आलं, सकाळच्या शुभेच्छांच्या खाली. केस उभी राहिली, आरोपी आत गेले, एकेक जामिनावर बाहेर यायला लागले.

मग आदिनाथ आला. शिरूर कासारचा पोरगा, आईबाप ऊसतोडीला जायचे. हा शिकला आणि पुण्यात सिनेमाच्या कामाला लागला. नाथावर फिल्म करायची म्हणाला. अशी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. दुसऱ्याच्या घरी मयत झालं की यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. पण तो चपला बाहेर काढून पालात बसला, दिलेला काळा चहा प्यायला आणि साखराबाईला मावशी म्हणाला.

"मावशी, त्या व्हिडिओत नाथा म्हणजे मार खाणारा माणूस, बास. त्याला आई होती, बहीण होती, हे कुणालाच दिसत न्हाई. मला ते दाखवायचंय."

साखराबाईनं त्याच्या पिशवीकडे पाहिलं. "आन तुला काय मिळंल?"

"नाव मिळंल," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

तिनं एकच अट घातली, नाथाला मारताना दाखवायचं नाही. त्यानं देवाची शपथ घेतली. मग तो रोज येऊ लागला. मेंढरं, काठी, नाथाचं घोंगडं, सगळं टिपून झालं. एक दिवस तो अडखळत म्हणाला, "मावशी, दुखवट्याला माणूस आल्यावर तुमी कसं रडता, तसं एकदा..."

"रडनं मागून मिळत न्हाई, बाबा," ती म्हणाली आणि उठून मेंढरांकडे गेली.

आमच्याकडे मयताच्या घरी जवळचं माणूस पहिल्यांदा आलं की बायका गळ्यात पडून रडतात. नुसत्या रडत नाहीत, हेल काढून, बोलून रडतात. गेलेल्याला हाका मारतात, देवाला बोल लावतात, स्वतःला दोष देतात. पोटात जे जे आहे ते त्या एका भेटीत बाहेर येतं, आणि त्या माणसाबरोबर ते तेवढंच, पुन्हा नाही. मग तोंड धुवायचं, चहा घ्यायचा, आणि त्यातला शब्दही कुणी परत काढायचा नाही. एरवी चहाडी करणाऱ्या बायकासुद्धा एवढं पाळतात.

नाथा गेला तेव्हा त्याची बहीण स्वप्ना नांदूरघाटला सासरी ओली बाळंतीण होती. तिला येता आलं नाही, आणि पुढेही सासूनं आज पाठवते, उद्या पाठवते करत दिवस काढले. साखराबाई रोज संध्याकाळी वाटेकडे तोंड करून बसायची. स्वप्ना आल्याशिवाय तिचं रडणं पुरं होणार नव्हतं.

आणि एका संध्याकाळी ती आली. जीप ओढा ओलांडून रानात शिरली, स्वप्ना बाळ माझ्या हातात देऊन धावली, आणि दोघी मायलेकी मातीत बसल्या. मी तिथंच होते. साखराबाई जे बोलली ते मी ऐकलं. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. नाथा गेला त्या दिवशीच्या एका गोष्टीबद्दल तिनं स्वतःला दोष दिला, एवढंच सांगते. कुठलीही आई देईल तसाच. पण आरोपींच्या वकिलाच्या हाती ते पडलं असतं तर त्यानं त्यावर सगळी केस फिरवली असती. आदिनाथचा कॅमेरा पालाच्या कडेला चालू होता, आणि त्याच्याकडे बघायचं भान कुणाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वप्ना बाळाला पाजत बसली होती. मी सहज म्हटलं, "सासूनं सोडलं म्हणायचं एकदाचं."

"सासू कशाची सोडती, वहिनी. आदिनाथदादा घरी आलते. सासऱ्याला लई समजावलं, गाडी बी त्यांनीच केली." मग ती बोलता बोलता म्हणाली, "आमी दुपारीच पोचलतो. पर दादा म्हनले, वड्याच्या पल्याड थांबा, ऊन उतरल्यावर या. उजेड चांगला पडतो म्हने."

साखराबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"माजी लेक वड्याच्या पल्याड बसलती?" ती म्हणाली. "मी हितं वाट बघत, आन ती तितं गाडीत?"

तव्यावरची भाकरी करपली. मला इतका राग आला की मी स्वतः फोन करून आदिनाथला बोलावलं. त्यानं काही नाकारलं नाही. उलट लॅपटॉप उघडून ते सगळं दाखवलं, बिचाऱ्याला वाटलं बघितल्यावर आम्हाला पटेल. चित्र सुंदर होतं, हे कबूल करायला मला आजही जड जातं. तिरपं ऊन, धूळ, दोन बायका. आणि साखराबाईचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"हे वकिलानं ऐकलं तर काय होईल, कळतंय का तुला?" मी विचारलं. त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला फक्त उजेड दिसला होता.

"काकू, माजी थोरली बहीन उसाच्या फडातच मेली," तो म्हणाला. "मोळी डोक्यावर आसताना. कुनी बघितलं न्हाई, कुनी लिवलं न्हाई. जशी काय ती नव्हतीच. म्हनून मी हे करतो. आन मी गाडी केली नसती तर स्वप्नाताई आजूनबी आली नसती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळे माझा राग जाग्यावर राहीना, आणि त्याचाच जास्त राग आला.

साखराबाई मात्र शांत होती. "लेक आनलीस, तुजे उपकार हायेत," ती म्हणाली. "पर त्ये मी तिला सांगितलं व्हतं. तुला न्हाई. पुसून टाक."

त्यानं आमच्यासमोर ते पुसलं. मी बघत होते, पण मला त्यातलं काय कळतंय? चित्र साठवायची एक डबी लॅपटॉपला जोडलेली होती, आणि त्याच्या पिशवीत तसल्याच आणखी दोन होत्या. आणखी कुठं ठेवलंय का, असं विचारलं तर नाही म्हणाला. मला खरं वाटलं नाही. खोटं म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

फिल्म झाली. धारूरच्या मंगल कार्यालयात दाखवली. त्यानं शब्द पाळला होता. मार नव्हता, रडणं नव्हतं. जीप येते, दोन बायका एकमेकींकडे धावतात आणि चित्र मेंढरांवर जातं. माणसं डोळे पुसत होती. त्यातल्या किती जणांनी आधी तो दुसरा व्हिडिओ पुढे पाठवला होता, हे मला ठाऊक होतं. साखराबाईनं पडद्याकडे फारसं बघितलंच नाही. ती बघणाऱ्यांची तोंडं बघत होती.

"म्होरलं हाय का त्यात?" तिनं हळूच विचारलं.

"नाही. काढून टाकलंय त्यानं."

"मंग ठिवलं कुटं आसंल?"

आदिनाथला टाळ्या मिळाल्या, हारही मिळाला. हार घेऊन तो साखराबाईच्या पाया पडायला आला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर त्याच्या खिशाकडे होती.

उन्हाळा लागला तसे ऊसतोडीला गेलेले लोक परतू लागले. साखराबाईचा पाठचा भाऊ मुंजाजी कर्नाटकातल्या कारखान्यावर होता. मुकादमानं त्याला भाच्याच्या मातीलाही सोडलं नव्हतं. एवढ्या महिन्यांनी तो आला. मी पालापाशीच उभी होते. बांधावरूनच "आक्का" म्हणत तो हात पसरून पुढे आला. साखराबाईच्या उरलेल्या रडण्याचा हा शेवटचा धनी.

ती उठली. हात आडवा धरून तिनं त्याला थांबवलं.

"मुंजा, मोबाईल कुटंय?"

तो गोंधळला. "कावून गं?"

"ठिव तितं. लांब."

त्यानं फोन काढून दगडावर ठेवला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पायलीच्या काठावर असायची ती नजर माझ्या हातावर होती, आणि हातात माझा फोन होता.

"वहिनी, तुमचा बी."

मी तो मुंजाजीच्या फोनशेजारी नेऊन ठेवला. तरीही ती क्षणभर आमच्या दोघांच्या हातांकडे बघत राहिली. मग मुंजाजी तिच्या गळ्यात पडला, नाथाचं नाव घेऊन लहान पोरासारखा रडला. साखराबाईनं त्याला घट्ट धरलं, तिचं अंग हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडही उघडलं होतं. पण त्यातून एक शब्द बाहेर आला नाही.